लांच, वेतन आणि विवेक

मनुष्य लांच खातो तो स्वभावामुळें कीं परिस्थितीमुळें? नीतिशास्त्रज्ञ याचें उत्तर अंतःकरणांत शोधतात, तर कारभारी पुरुष सरकारी दप्तरांत. कुंडलिकेच्या कांठचें आमचें नवीन जालना ज्या हैदराबाद संस्थानांत होतें, तेथें एका दिवाणानें या प्रश्नाची परीक्षा तीस वर्षें चालविली. हे दिवाण म्हणजे पहिले सर सालारजंग, मीर तुराब अली खान.

१८५३ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, त्यांनीं कारभार हातीं घेतला. फौजेच्या खर्चाच्या देण्यापायीं त्याच वर्षीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं झालें होतें. खजिना रिता होता आणि वसूल मक्त्यानें दिला जाई. मक्तेदार तालुकदार सरकारास ठराविक रक्कम भरी. वर जें काढील तें त्याचें. पुढल्या सालीं मक्ता दुसऱ्याकडे जाण्याची धास्ती असल्यानें रयतेस आजच पिळून घेण्यांत त्याचा फायदा होता. अशा ठिकाणीं सज्जन मक्तेदारही फार काळ सज्जन राहूं शकत नसे.

सालारजंगांनीं उपदेशावर भिस्त ठेविली नाहीं. त्यांनीं मक्ते हळूहळू मोडले, पगारी अंमलदार नेमले आणि १८६५ सालीं जिल्हाबंदी केली. तालुकदार हें नांव जुनेंच राहिलें; पण तें धारण करणारा आतां जिल्ह्याचा वेतनभोगी सेवक झाला. पुढें मराठवाड्यांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व आकारणी सुरू झाली. सरकारचें देणें किती, हें रयतेस एकदां कळलें कीं अधिक मागणाऱ्यास जाब विचारण्याची निदान सोय होते.

येथें कोणी म्हणेल, वेतनानें सचोटी विकत मिळते काय? मिळत नाहीं. पोटभर वेतन घेऊनही हात पसरणारे सर्वांनींच पाहिले आहेत. वेतनानें मोह जात नाहीं, मोहाची सबब तेवढी जाते. परंतु सबब गेली म्हणजे दोष कोणाचा हें स्पष्ट दिसूं लागतें, आणि आमच्या मतें कोणत्याही नैतिक सुधारणेचा आरंभ तेथूनच होतो.

या थोर पुरुषाच्या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. जहागिरी आणि निजामाचा खासगी मुलूख त्यांच्या सुधारणांच्या कक्षेबाहेर राहिला. शिवाय सारा बंदोबस्त एकाच पुरुषाच्या दृष्टीवर उभा होता. त्यावर लोकांची नजर नव्हती. १८८३ सालीं ते वारले. अवघ्या पांच वर्षांनीं, १८८८ सालीं, हैदराबादच्या खाणींच्या सवलतीचें प्रकरण लंडनच्या पार्लमेंटच्या समितीपुढें गेलें, व संस्थानच्या एका बड्या अधिकाऱ्यास त्यापायीं पद गमवावें लागलें. रखवालदार गेला आणि कुंपण पडलें.

१९४८ सालीं निजामी संपली. १९८१ सालीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला. दिवाणाची नजर गेली, तिच्या जागीं २००५ च्या माहितीच्या अधिकारानें आणि २०१५ च्या महाराष्ट्राच्या लोकसेवा हक्क कायद्यानें नागरिकाची नजर बसविली आहे. तरीही आपल्याच हक्काच्या कागदासाठीं खिडकींतून नोट सरकविणारे आणि घरीं येऊन ‘वेळ वांचला’ असें समाधानानें सांगणारे सुशिक्षित गृहस्थ थोडे नाहींत. घेणाऱ्याची सबब सालारजंगांनीं दीड शतकापूर्वीं काढून घेतली. देणाऱ्याची सबब कोणत्याही दिवाणास काढतां यावयाची नाहीं. ती ज्याची त्यानेंच टाकली पाहिजे, आणि तिची किंमत म्हणून त्या खिडकीपुढें चार दिवस उभें राहण्याची तयारीही ठेविली पाहिजे.