सोसण्याचे कौतुक

आपल्याकडे सोशिकपणाचे कौतुक फार. ‘हूं की चूं केले नाही हो तिने!’ असे आपण एखाद्या स्त्रीविषयी किती अभिमानाने सांगतो! मला मात्र हल्ली या कौतुकाची भीती वाटू लागली आहे. फराळाच्या ताटापाशी असला विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण तासन् तास बसून ज्या बाईने तो फराळ केला, तिला बसवत तरी होते का, हे कुणी विचारले आहे काय?

विरारहून येणाऱ्या गाडीत मी वसईला चढते. बायकांच्या डब्यात बसायला मिळणे म्हणजे पूर्वपुण्य. तरी हाती आलेली जागा दुसरीला देऊन दादरपर्यंत उभी राहणारी एखादी दिसते. ती परोपकारी असेलही. परंतु काही स्त्रियांना योनिद्वाराभोवती सतत आग होते, टोचते. बसले की ते वाढते, पतीचा सहवास नकोसा होतो. जंतुसंसर्ग नाही, त्वचारोग नाही, आणि तीन महिने उलटूनही दुखणे जात नाही, तेव्हा वैद्यक त्याला ‘व्हल्व्होडिनिया’ म्हणते.

त्याची परीक्षा मोठी विचार करायला लावणारी आहे. डॉक्टर कापसाची काडी ठिकठिकाणी हलकेच टेकवतात आणि विचारतात, “इथे दुखते?” बाईचा शब्द हेच तिथे मोजमाप! विश्वास ठेवणे हा तिथे दयेचा भाग उरत नाही, निदानाचाच भाग होतो.

आणि तक्रार नसली म्हणजे सारे कुशल असते काय? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या. तपासल्यावर ९२ टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. ते आजार निराळे, निम्मे जंतुसंसर्गाचे. पण मौन तेच.

‘एखादी खोटे सांगत असली तर?’ असे विचारले जाते. तर डॉक्टरांची एक खेप फुकट जाईल. खरे सांगणारीवर अविश्वास दाखवला, तर मात्र तिची वर्षे फुकट जातील. शिवाय इतकी लाज ओलांडून खोटे बोलायला कोण जाईल?

ज्याला इलाज नाही ते सोसणे हे धैर्य. ज्याला इलाज आहे ते सोसायला लावणे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. इथे इलाज आहेत: सुगंधी साबण वर्ज्य करणे, बधिर करणारे मलम, मज्जातंतू शांत करणारी औषधे, आखडलेले स्नायू सैल करायला शिकवणारे व्यायाम. गुण सावकाश येतो, पण पुष्कळजणींना येतो.

भाऊबीजेला घरी आलेल्या लेकीला आईने एकांतात एवढे विचारावे. आणि ती सांगेल ते खरे मानून तिच्याबरोबर दवाखान्यात जावे.