रंगीत दिवा व क्रूस

त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरील एका मंडळीचे बंधु विचारतात की, तेथील बाजारात दुकानांवर झळकतात तशा रंगीत दिव्यांचा क्रूस आपल्या प्रार्थनामंदिरावर लावणे योग्य काय?

हा दिवा मूळचा निऑन वायूचा. रॅम्से व ट्रॅव्हर्स या रसायनशास्त्रज्ञांस तो 1898 साली लंडनात सापडला. आपण श्वासाबरोबर घेतो त्या हवेच्या 10 लाख भागांत तो सुमारे 18 भाग असतो. तो सहसा कशाशीही संयोग पावत नाही. परंतु हवा काढून घेतलेल्या काचनळीत थोडासा भरून तीतून वीज सोडली म्हणजे तांबूस नारिंगी प्रकाश देतो. (हल्लीच्या पुष्कळ पाट्या निऑनच्या नसून एलईडीच्या असतात, असो.)

तेव्हा देवाने हवेतच ठेविलेली ही वस्तु ना बाजाराची, ना कोणा एका धर्माची. तिला विटाळ मानणे हे अज्ञान होय. पण ज्या जॉर्ज क्लोद यांनी 1910 साली पॅरिसात हा दिवा लोकांस दाखविला, त्यांसच फ्रान्स व्यापून बसलेल्या जर्मनांस साह्य केल्याबद्दल 1945 साली जन्मठेपेची शिक्षा झाली. दिवा करणाराचेही अंतःकरण त्या दिव्याने उजळले नाही!

शेजाऱ्यांच्या देवळाशी चढाओढ म्हणून लावीत असाल, तर माझे मत नको असे आहे. एरवी खुशाल लावा. मात्र तो क्रूस पाहून रात्री कोणी थकलेला वाटसरू दार ठोठावील, तर ते कोण उघडील, हे वर्गणी गोळा करण्यापूर्वी ठरवावे.