नाबोथाचा मळा आणि हवाईची राणी



राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात नाबोथाची कथा आहे. राजा अहाबला वाड्यालगतचा द्राक्षमळा हवा होता. मोबदला द्यायलाही तो तयार होता, पण वाडवडिलांचे वतन विकणार नाही, असे नाबोथाने सांगितले. पुढे राणी ईजबेलने काय केले ते आपणांस ठाऊक आहे. आमचे लक्ष मात्र एका बारीक गोष्टीकडे जाते. नाबोथाला कोणी अंधारात गाठून मारले नाही. आधी उपास जाहीर झाला, सभा भरली, दोन साक्षीदार उभे राहिले आणि मग दगडमार झाली. अन्यायालाही कागदपत्रे लागतात!

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांच्या शेवटच्या राणी लिलिउओकलानी ह्यांच्या चरित्रात हीच कथा पुन्हा वाचायला मिळते. त्यांचा जन्म १८३८ सालचा. त्या कॅथलिक नव्हत्या, प्रॉटेस्टंट पंथात वाढल्या. त्यांचे बंधू राजे कालाकौआ १८८१ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्या प्रवासात ते आपल्या मुंबईलाही येऊन गेले आणि रोममध्ये पोप लिओ तेरावे ह्यांना भेटले. मागे राज्यकारभार बहिणीकडे होता. त्याच वर्षी त्या मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला गेल्या. १८६५ च्या कायद्याने रोग्यांना घरादारापासून तोडून तिथे पाठवीत. फादर दामियन १८७३ पासून तिथेच राहत होते. भाषण वाचायला उभ्या राहिल्यावर राजभगिनींना शब्द फुटेना, असे सांगतात. परतल्यावर त्यांनी ह्या परपंथीय फादरांना राज्याचा मानाचा किताब दिला. दामियन ह्यांना संतपद मिळाले ते २००९ साली. त्या बाईंना ते सव्वाशे वर्षे आधीच उमगले होते, असे आम्हांला वाटते.

अर्थात आपण कॅथलिकांनीही फार छाती फुगवू नये. हवाईत आपल्या मिशनऱ्यांना १८३१ साली हद्दपार केले होते, स्थानिक कॅथलिकांचा छळही झाला. १८३९ मध्ये राजाने धर्मस्वातंत्र्य दिले, पण लगोलग एका फ्रेंच युद्धनौकेने तोफा रोखून वीस हजार डॉलर अनामत घेतली आणि ते स्वातंत्र्य पक्के करून घेतले. शुभवर्तमानाला तोफेचा टेकू! हे विसरून दुसऱ्यांकडे बोट दाखवणे बरे नव्हे.

लिलिउओकलानी १८९१ साली गादीवर आल्या. त्याआधी १८८७ मध्ये उसाच्या मळेवाल्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी बंदुकीच्या जोरावर त्यांच्या भावाकडून नवी घटना सही करून घेतली होती. त्या घटनेने गरीब हवाईयन लोकांचा आणि आशियाई मजुरांचा मतदानाचा हक्क काढून घेतला. ह्या मळेवाल्यांत कित्येक जण मिशनऱ्यांचीच मुले-नातवंडे होती. राणीने ती घटना बदलण्याचा प्रयत्न करताच तेरा जणांच्या एका समितीने बंड केले. १६ जानेवारी १८९३ रोजी अमेरिकन युद्धनौकेवरून दीडशेहून अधिक सैनिक उतरले. दुसऱ्याच दिवशी राज्य गेले. रक्तपात नको म्हणून राणीने सत्ता सोडली, पण लेखी निषेध नोंदवून.

१८९५ च्या जानेवारीत राणीच्या पाठीराख्यांचा उठाव फसला. त्यांना त्यांच्याच राजवाड्यातील एका खोलीत कोंडले आणि राजत्यागाचा कागद पुढे ठेवला. सही केली नाही तर पकडलेल्या माणसांना फाशी. त्यांनी सही केली.

इथे सेमिनरीतील तत्त्वज्ञानाचा एक जुना धडा आठवतो. वादळात जहाज वाचवण्यासाठी कप्तान माल समुद्रात फेकतो. ही कृती स्वेच्छेची की जबरदस्तीची, असा प्रश्न ॲरिस्टॉटलने केला आणि पुढे संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही तो घेतला. उत्तर असे की ती मिश्र आहे. हात कप्तानाचाच, पण सुखाने कोणी असे करीत नाही. राणीची सही तशीच होती. ती सही त्यांनी केली, पण ती संमती नव्हती. वाडीतल्या किती सातबाऱ्यांवर अशी अंगठ्याची निशाणी असेल, कोण जाणे.

सुमारे आठ महिने त्या खोलीत होत्या. तिथे त्यांनी गोधडी शिवली आणि एक प्रार्थनागीत रचले. त्यात माणसांच्या अपराधांची क्षमा त्यांनी देवाकडे मागितली. सुटल्यावर मात्र त्या गप्प बसल्या नाहीत. १८९७ साली बेटे अमेरिकेत विलीन करू नयेत म्हणून एकवीस हजारांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. १८९८ मध्ये विलीनीकरण झालेच. राजघराण्याच्या जमिनीसाठी राणी अमेरिकेच्या न्यायालयात गेल्या आणि १९१० साली हरल्या. दरम्यान १९०९ मध्ये उरलेली मालमत्ता त्यांनी अनाथ आणि गरजू हवाईयन मुलांसाठी विश्वस्तांकडे सोपवली.

प्रार्थनेत क्षमा आणि कोर्टात दावा, ह्यात विसंगती आहे का? पुष्कळ जण आम्हांला विचारतात, ‘फादर, भावाला क्षमा केली म्हणजे केस मागे घ्यायची का?’ आमचे उत्तर असे की, सूड सोडणे हे प्रत्येक ख्रिस्ती माणसावर बंधनकारक आहे. हक्क सोडणे ही त्यापुढची पायरी. ती ज्याने-त्याने विवेकाने आणि मुलाबाळांकडे पाहून ठरवावी. पण ज्याने मळा बळकावला आहे त्याने समोरच्याला क्षमेचे प्रवचन देऊ नये. त्याने जक्कयकडे पाहावे. जक्कय नुसता रडला नाही, चौपट परत द्यायला उठला. १९९३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने हवाईयन लोकांची रीतसर माफी मागितली, आणि त्याच ठरावात स्पष्ट लिहिले की ह्यातून कोणताही दावा मिटलेला नाही. शंभर वर्षांनी आलेली ती माफी अजून जक्कयच्या दारापर्यंत पोहोचलेली नाही.

राणींच्या अखेरच्या वर्षातील, १९१७ च्या एप्रिलमधील, एक प्रसंग आहे. जर्मन पाणबुडीने एक अमेरिकन जहाज बुडवले, त्यात पाच हवाईयन खलाशी गेले. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी राणीने त्या पोरांसाठी आपल्या घरावर अमेरिकेचा झेंडा चढवला. काहींना ती हार मान्य केल्याची खूण वाटली, अभ्यासकांना तसे वाटत नाही. आम्हांला त्यात पाच आयांची आठवण ठेवणारी एक म्हातारी दिसते. त्याच नोव्हेंबरात त्या वारल्या.

आपला,
धर्मगुरू