उपरण्याखालचा भाव

आजोबा बैल विकायला नेत, तेव्हा भाव तोंडाने होत नसे. दलाल उपरण्याखाली हात घेई, समोरच्याची बोटं दाबी आणि भोवतालच्यांना फक्त कापड हललेलं दिसे. याला हत्ता म्हणत. बैल ज्याचा, तो दोन पावलांवर उभा. पण कापडाखाली किती आकडे येऊन गेले, ते त्याला कळत नसे. शेतमालाच्या आडतीतही कधीकाळी हीच रीत होती. श्रीरामपूरच्या आमच्या घरात ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली, की सौद्यात ज्याला जास्त लपवता येतं तोच जिंकतो, अशी माझी पक्की समजूत झाली.

ती घेऊनच मी पुण्याला विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला गेलो. वाटाघाटी आणि प्रभाव हा भाग शिकताना त्व्हर्स्की आणि कानमन यांचा 1974 सालचा प्रयोग समोर आला. एक चक्र फिरवायचं. ते मुद्दाम 10 किंवा 65 वरच थांबेल अशी सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? ज्यांनी 10 पाहिले त्यांचा अंदाज 25 च्या आसपास आला, ज्यांनी 65 पाहिले त्यांचा 45 च्या. आकड्याचा प्रश्नाशी काही संबंध नाही, तरी मन त्याला बांधलं गेलं. या परिणामाला मराठीत नांगर म्हणता येईल, जहाजाचा. मला मात्र शेतातलाच नांगर आठवला. पहिलं तास वाकडं गेलं की पुढची सगळी तासं त्याच्याच वळणाने जातात. आजवर मला यापेक्षा नेमकं स्पष्टीकरण सापडलेलं नाही.

पुढे चाल्डिनी यांचं प्रभावावरचं 1984 सालचं पुस्तक वाचलं. परतफेडीची ओढ, दिलेल्या शब्दाला चिकटून राहणं, चार लोक करतात म्हणून आपण करणं, अधिकारी माणसापुढे नमणं, आवडत्या माणसाचं ऐकणं, दुर्मीळ वस्तूमागे धावणं. वर्षभर मला वाटत होतं, किल्ली हाती आली. दुकानदाराने पुढे केलेला चहा दिसला की त्यामागची परतफेड दिसायची.

त्याच उन्हाळ्यात वडिलांबरोबर कांद्याची ट्रॉली घेऊन एका बाजार आवारात गेलो. पहिली बोली फार खाली निघाली, चारदोन पुकारे वर सरकली आणि तिथेच तुटली. वडिलांनी पट्टी घेतली. परतताना मी त्यांना नांगराचा सिद्धांत समजावून सांगितला. पहिल्या आकड्याने तुमचं मन खाली ओढलं, म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आकडा कमी आहे ते मला कळत होतं रे. पण ट्रॉली माघारी न्यायची तर डिझेल कुणी घालायचं? चाळीत जागा नाही. सोसायटीचं भरायचंय.”

माझा वर्षभराचा अभ्यास त्या चार वाक्यांपुढे अपुरा पडला. त्यांचं मन फसलेलं नव्हतं. त्यांच्याकडे थांबायची सोय नव्हती.

मग तीच पुस्तकं पुन्हा काढली. फिशर आणि युरी यांनी 1981 मध्येच लिहिलं होतं, की बोलणी फिसकटली तर तुमच्याकडे दुसरं काय आहे, यावर टेबलावरचं बळ ठरतं. गॅलिन्स्की आणि मुसवायलर यांचा 2001 सालचा अभ्यास तर नांगरापर्यंतच पोचतो. पहिला आकडा टाकणाऱ्याचा फायदा होतो खरा, पण ऐकणाऱ्याने स्वतःचं लक्ष्य किंवा समोरच्याचे पर्याय मनात धरले, तर तो फायदा उरत नाही. हे सगळं मी परीक्षेपुरतं वाचून ओलांडलं होतं.

बाजाराचा इतिहासही त्यानंतर वेगळा दिसू लागला. 1897 साली वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, 1963 साली महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा आला, उघड लिलावाची रीत रुजली. उपरणं बाजूला झालं. ही फार मोठी गोष्ट होती, ती कमी लेखणं मला मान्य नाही. पण भाव दिसणं वेगळं आणि तो नाकारता येणं वेगळं. नाकारता यावं म्हणून काही केलं गेलं असेल, तर ती 1990-91 पासूनची शेतमाल तारण कर्ज योजना. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवा, त्यावर कर्ज घ्या, भाव आला की विका. माझ्या मते सौद्याच्या मानसशास्त्रातलं हे सर्वांत शहाणं पाऊल आहे, जरी ते कुठल्या मानसशास्त्राच्या वर्गात शिकवलं जात नाही. नासणाऱ्या मालाला मात्र ते पुरत नाही. दुधाला तर एक रात्रही फार.

म्हणून पुणतांब्याकडे पाहताना मी थबकतो. रेल्वेने श्रीरामपूर सोडलं की चितळी, मग पुणतांबा. तिथल्या ग्रामसभेने ठराव केला आणि 1 जून 2017 पासून शेतकरी संपावर गेले. ज्यांच्याकडे थांबायची सोय सर्वांत कमी, त्या दूध-भाजीवाल्यांनी सगळ्यांनी मिळून थांबून पाहिलं. एकट्याला माल अडवता येत नाही. गावंच्या गावं थांबली, तेव्हा शहरांना ते जाणवलं.

आणि मग 3 जूनची पहाट. मुख्यमंत्र्यांशी रात्रभर बोलणी झाली, संप मागे घेतल्याचं जाहीर झालं आणि उजाडताच गावोगावच्या शेतकऱ्यांनी तो समझोता झिडकारला. संप चालू राहिला. 11 जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली, 24 जूनला 34,022 कोटींची योजना जाहीर झाली, दीड लाखांच्या मर्यादेची. वॉल्टन आणि मॅकर्सी यांनी 1965 मध्येच लिहून ठेवलंय, की प्रत्येक वाटाघाटीत आणखी एक वाटाघाट असते, आपल्याच माणसांशी. पहाटे समझोता करणाऱ्यांच्या हेतूवर मी बोलणार नाही. पण ज्यांच्या वतीने बोलायचं, त्यांना झोपेतून उठल्यावर निकाल कळत असेल, तर ते त्यांच्यासाठी पुन्हा उपरणंच असतं. भाव आपल्या मालाचा, आकडे कापडाखाली.

विद्यापीठात हा विषय शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. प्रयोगशाळेतलं चक्र जरूर दाखवा. पण सत्रात एक दिवस मुलांना कांद्याच्या लिलावाला न्या, आणि भाव पुकारला जात असताना बोली लावणाऱ्याकडे नव्हे, ट्रॉलीशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघायला सांगा. लिलाव संपल्यावर त्याला एवढंच विचारा, की आज हा माल परत नेता आला असता का.