गाठीचा पैसा, पहिले छप्पर आणि पागे यांची हमी

पगारदारांना उद्देशून दिल्या जाणाऱ्या आर्थिक सल्ल्यात अलीकडे एक क्रम धर्माज्ञेसारखा सांगितला जातो: आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन निधी, म्हणजे आजारपणात किंवा नोकरी गेल्यास तत्काळ हाती येईल असा पैसा, गाठीशी बांधावा आणि मगच पहिल्या घराच्या ‘मार्जिन मनी’चा, म्हणजे कर्जाव्यतिरिक्त खरेदीदाराने स्वतः उभ्या करावयाच्या रकमेचा, विचार करावा. क्रम शहाणपणाचा आहे यात वाद नाही. मात्र जो तो पाळू शकत नाही त्याला बेशिस्त ठरविण्याची वृत्ती या सल्ल्याच्या पाठोपाठ येते आणि ती मान्य करण्याजोगी नाही. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत कृष्णा-वारणेच्या काठी महापूर आणि माण, खटाव, आटपाडी, जत या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात दुष्काळ अशी दोन टोके नांदतात, त्यामुळे अडीनडीसाठी पैसा राखणे आणि घरासाठी पैसा साठवणे यांचे नाते येथे जितके उघडे पडते तितके महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार जमा होणाऱ्या घरात पडत नाही.

पगारदाराचा हिशेबसुद्धा वाटतो तितका सरळ नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते, म्हणून सांगलीत तीस लाखांची सदनिका पाहणारे कुटुंब तीन लाखांची जुळवाजुळव पुरेशी मानते. परंतु ही टक्केवारी मोजताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी किमतीत धरली जात नाही. महापालिका हद्दीत अधिभारासह साधारण सहा टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे एक लाख ऐंशी हजार, आणि नोंदणीचे तीस हजार धरले की स्वतःचा वाटा पाच लाख दहा हजारांवर जातो (खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असल्यास शुल्कात एक टक्का सवलत मिळते). वरचे दोन लाख दहा हजार बहुतेक घरांत आपत्कालीन निधीतूनच निघतात, त्यामुळे वर्षानुवर्षे क्रम पाळलेले कुटुंबही खरेदीखताच्या दिवशी रिकाम्या गाठीने नव्या घरात शिरते.

माण तालुक्यातील म्हसवड येथे १९९७ साली चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली, आणि तिच्या उगमाची हकिकत या वादात निर्णायक मानावी लागते. रस्त्यावर राहून लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीला बचत खाते उघडायचे होते, कारण पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालायला प्लास्टिकचा कागद घेण्याइतके पैसे तिला साठवायचे होते. रक्कम फारच लहान म्हणून बँकांनी तिला नकार दिला होता. पुढे स्त्रियांची स्वतःची बँक काढण्याचा अर्जही प्रवर्तक सभासदांतील अनेकजणी निरक्षर असल्याच्या कारणावरून प्रथम फेटाळला गेला, तेव्हा त्या साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या दारात उभ्या राहिल्या. त्या स्त्रीच्या बचतीला घराचा पैसा म्हणावे की आपत्कालीन निधी? पाऊस हीच तिची आपत्ती होती आणि छप्पर हाच तिचा निधी. दोहोंत आधी-नंतर लावण्यासाठी डोक्यावर काहीतरी आधीच असावे लागते, आणि सल्ला देणाऱ्याने ते गृहीत धरलेले असते.

एवढ्यावरून दोन्ही पैसे एकाच गाठोड्यात बांधावेत असा निष्कर्ष काढणे मात्र घातक ठरेल. कराड जनता सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्बंध आले आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचा परवाना रद्द झाला; ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना ठेव विमा महामंडळाकडून पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले. विम्याची मर्यादा त्याच वर्षी फेब्रुवारीत एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती. बहुतेकांचा पैसा बुडाला नाही हे खरे, परंतु तो तीन वर्षे अडकला, आणि घराचा पैसा वाट पाहू शकतो, शस्त्रक्रियेचा पाहू शकत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध येताच ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन घातले, तरी रुग्णालयाच्या दारात ९० दिवस पुष्कळच असतात. गल्लोगल्लीच्या पतसंस्थांतील ठेवींना तर हे विमाछत्रच नाही, आणि नेमका अडीनडीचा पैसा अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी तिथे ठेवला जातो.

येथवर प्रश्न एका घराचा, एका खात्याचा होता. परंतु आपत्ती सगळ्या गावावर एकदम आली तर प्रत्येकाचा निधी एकाच दिवशी उघडा पडतो. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राहत असे, तीच पेवे २००५ च्या महापुरात पाणी शिरून मोठ्या संख्येने निकामी झाली. माणमधील दुष्काळात एक स्त्री चाऱ्यासाठी दागिने तारण ठेवायला माणदेशी बँकेत आली आणि पाणीच नसेल तर पैसे घेऊन काय करायचे, असा तिचा प्रश्न होता. त्यातून म्हसवडला चारा छावणी उभी राहिली आणि हजारो जनावरे तिथे जगली. सोने होते, बँक होती, कर्जही मिळत होते, आणि तरीही तिची शिस्तशीर बचत एकटीने निरुपयोगी ठरली.

हे ज्यांनी सर्वांत आधी ओळखले ते वि. स. पागे सांगली जिल्ह्याचेच. विधान परिषदेचे सभापतिपद दीर्घकाळ भूषविणाऱ्या या सर्वोदयी वृत्तीच्या माणसाने तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६० च्या दशकात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला, १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेचे मोल राज्याला कळले आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. ज्याच्याकडे सहा दिवसांचाही खर्च शिल्लक पडत नाही, त्याचा आपत्कालीन निधी त्याच्या खात्यात साठू शकत नाही आणि म्हणून तो राज्याच्या तिजोरीत साठविला पाहिजे, हा या योजनेतला विचार बचतीच्या आजच्या साऱ्या उपदेशापेक्षा खोल आहे. त्यासाठी पैसा कोठून आणायचा, याचे उत्तर १९७५ च्या व्यवसाय कराने दिले. साताऱ्या-सांगलीतला जो नोकरदार आज पहिल्या घरासाठी पोटाला चिमटा घेतो, त्याच्या पगारपत्रकात हा कर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा अजूनही कापलेला दिसतो.