देवाचं पुनर्वसन

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडजवळ पर्लकोटा आणि पामुलगौतमला पोटात घेऊन इंद्रावती पुढे गोदावरीला मिळते. या पाण्यावर वीज काढण्यासाठी इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली असे दोन मोठे प्रकल्प आखले गेले. 1980च्या दशकात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ म्हणत आदिवासी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. आदिवासी नेते लालश्यामशाह महाराज आणि बाबा आमटे त्यांच्यासोबत होते. प्रकल्प बारगळले.

किती जंगल, किती गावं, किती मेगावॅट, याचे हिशेब त्या वादात पुष्कळ झाले. एक प्रश्न मात्र कुठल्याच रकान्यात बसेना. देवाचं पुनर्वसन होतं का?

देवळाचं होतं. श्रीशैलम धरणाच्या पाण्यात जाणारं कूडवेल्लीचं संगमेश्वर मंदिर दगडन् दगड सुटा करून आलमपूरला पुन्हा उभारलं गेलं. शास्त्रात मूर्तीतलं देवत्व विधीपूर्वक काढून पुन्हा प्रतिष्ठा करण्याची सोय आहे. इथल्या माडिया आदिवासींच्या ठाकूरदेवाला ती लागू पडत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर दर जानेवारीत त्याची जत्रा भरते, आणि त्याच डोंगरात लोहखनिज आहे. इथे डोंगर हेच ठाणं. मृतांच्या नावाने रोवलेले उभे दगडही तसेच. ते ट्रकमध्ये घालून नेता येतील, पण पितर ट्रकमध्ये बसतील का?

म्हणून वीजच नको, असं म्हणणं शहरातल्या माणसाला फार स्वस्त पडतं. बाबांचेच चिरंजीव डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे 1970च्या दशकापासून भामरागडजवळच्या हेमलकशात होते. सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे वीज नव्हती, कंदिलाच्या उजेडात उपचार चालत. शेजारी चंद्रपुरात आज 2,920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र कोळसा जाळतं. त्याची धूळ जिल्ह्याच्या वाट्याला, प्रकाश राज्यभर.

मग कुणालाही न बुडवणारी वीज असते का? समुद्राच्या लाटा हे त्याचं मोहक उत्तर वाटतं. केरळात विळिंजमच्या मासेमारी बंदरात 1991 साली दीडशे किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं. लाट काँक्रीटच्या कोठीत चढली की आतली हवा दाबली जाते, उतरली की हवा परत आत ओढली जाते. दोन्ही वेळा टर्बाइन एकाच दिशेने फिरतं. यात गाव उठत नाही, झाड पडत नाही.

पण समुद्र तरी रिकामा कुठे आहे? नारळी पौर्णिमेला कोळी त्याला नारळ वाहतात, मगच होड्या लोटतात. जंगलाच्या बाबतीत निदान विचारायचं कुणाला, हे ठरलं आहे. 2013 साली ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोंगराच्या देवाचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितलं आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. त्याला 2006च्या वनहक्क कायद्याचा आधार होता. कोळ्यांच्या समुद्रावरच्या पारंपरिक हक्कांसाठी देशात तसा कायदा अजून नाही.