बंद न होणारं सॉफ्टवेअर

पौड, ता. मुळशी

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

मुळशी सत्याग्रहावर लिहिताना लिबरऑफिस मेन्यूतून बंद होईना, म्हणून तू लॅपटॉपचं बटण दाबून धरलंस आणि शेवटची पानं गेली, हे तुझ्या आईकडून कळलं. फार हळहळ वाटली. १९२१ साली सेनापती बापटांसोबत धरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या मावळ्यांच्या घरांतल्या आठवणी त्या. म्हातारी माणसं त्या दुसऱ्यांदा तशाच सांगतील असं नाही.

पुन्हा असं झालं तर आधी बघ, सॉफ्टवेअर अडलंय कशासाठी. बाहेर पडायचा हुकूम मेन्यूतून दिलास तरी तो पाळायचं काम सॉफ्टवेअरच करतं. हातातलं काम उरकल्याशिवाय ते जात नाही.

मेन्यूवर क्लिक केल्यावर नुसताच ‘टुण्ण’ आवाज आला, तर समज की एखादी चौकट तुझ्या उत्तरासाठी थांबली आहे. बहुतेक वेळा ‘बदल सेव्ह करायचे का?’ हीच असते, दुसऱ्या विंडोमागे दडलेली. ऑल्ट-टॅबने शोध. शाळेत प्रोजेक्टर जोडून नंतर वायर काढली असशील, तर ती त्या नसलेल्या पडद्यावरही उघडलेली असू शकते. वायर पुन्हा जोडून बघ. नाहीच सापडली तर एस्केप दाब. चौकट रद्द होते, लिखाण जागेवर राहतं.

वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं तर प्रकरण वेगळं. सॉफ्टवेअरने पाच सेकंद दाद दिली नाही की विंडोज तसं लिहितं. ते मेलंच असं नाही. फाइल पेनड्राइव्हवर होती आणि तो काढलास का? प्रिंट अडकली आहे का? कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघड. सीपीयू आणि डिस्कचे आकडे हलत असतील तर काम चालू आहे, थांब. बराच वेळ शून्यच असेल तर ‘एंड टास्क’ करावं लागेल, पण न सेव्ह केलेलं गेलंच असं धरून चाल. म्हणून त्याआधी पडद्यावर दिसणाऱ्या पानाचा मोबाइलवर फोटो काढ. हे अजिबात विसरू नकोस.

कधी विंडो जाते, पण सॉफ्टवेअर पुन्हा सुरूच होत नाही. तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये ‘सॉफिस.बिन’ मागे उरलेलं सापडेल, ते संपव. रोजच असं होत असेल तर ‘हेल्प’ मेन्यूतून सेफ मोडमध्ये सुरू कर. तिथे नीट बंद झालं, तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा किंवा बिघडलेल्या सेटिंगचा.

तुझी आधीची पानं परत आली, कारण लिबरऑफिस मूळच्या सेटिंगप्रमाणे दर दहा मिनिटांनी सावरण्यापुरती नोंद ठेवतं. ती वेळ दोन मिनिटं कर. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि तुझ्या लॅपटॉपची बॅटरीही जुनी आहे.

गेलेल्या आठवणी आठवतील तेवढ्या आजच लिहून काढ. राहिलेल्या पुन्हा विचारायला रविवारी आपण दोघं मिळून जाऊ.

तुझा,
आजोबा